अडचणीच्या वर्षात कुणाला काय द्यावं, हे कार्डांना कसं विचारायचं

ताई, तुमचा मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. उत्तर लांब होणार आहे हे आधीच सांगते, कारण "दे" किंवा "देऊ नको" एवढंच लिहून पाठवणं मला जमणार नाही, आणि कुणी तसं पाठवलं तर तुम्ही ते मानू पण नका.

तुम्ही काय विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला कळेल. तुमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, घरची चार एकर, सप्टेंबर २०२५ च्या पावसात सोयाबीन उभ्याउभ्या पाण्यात गेलं आणि नदीकडची दीड एकर तर खरडूनच गेली, वर नुसते गोटे राहिले. अशात नणंदेनं मुलीच्या कॉलेजसाठी पंधरा हजार मागितलेत. आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातल्या पूजेचा सण, तोंडावर आली, तुमच्या शेतात दरवर्षी पस्तीस-चाळीस माणूस जेवतं, सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. तुम्ही देवापुढे बसून तीन टॅरो कार्ड, म्हणजे प्रश्न मनात धरून काढायची चित्रांची कार्ड, काढली: पेंटॅकल्सचं, म्हणजे नाण्यांच्या रंगाचं, चार, पेंटॅकल्सचं सहा पण उलटं, आणि द स्टार. मन भरलं नाही म्हणून ऑरॅकल डेकमधलं एक काढलं, त्यावर मोकळ्या हातानं वाटण्याचा मेसेज आला. आणि तुम्ही लिहिलंत, "आता देवी एका तोंडानं दे म्हणायली आन् दुसऱ्या तोंडानं नको म्हणायली, मी काय करू."

मी लातूरला चौदा वर्षं कार्ड काढते. माझ्याकडं येणाऱ्यांत शेतकरी घरातल्या बायका निम्म्याच्या वर असतील, आणि वाईट वर्ष आलं की लग्नाचे नोकरीचे प्रश्न कमी होतात आणि हेच प्रश्न वाढतात, भावानं मागितलंय देऊ का, दारात आलेल्याला नाही कसं म्हणू, देवाचं करायचं राहिलंय. त्यामुळं तुमचा प्रश्न मला नवा नाही पण हलका पण वाटत नाही.

पहिली गोष्ट. कार्डाला तुमचं पासबुक दिसत नाही. पंधरा हजार दिल्यावर रब्बीच्या खताला पैसे उरतात का नाही हे पेंटॅकल्सच्या चारला माहीत असायचं काही कारण नाही. कार्ड एवढंच करतं की एक चित्र समोर ठेवतं, आणि ते बघताना आपण जे महिनाभर मनात दाबून ठेवलंय ते तोंडावाटे बाहेर येतं. माझा या कामावर विश्वास आहे, चौदा वर्षं उगाच नाही केलं, पण तो विश्वास ह्याच गोष्टीवर आहे. म्हणून "देऊ का नको" हा प्रश्न कार्डांना विचारायचाच नसतो, त्याचं उत्तर नवरा-बायकोनं वही घेऊन बसून काढायचं. कार्डांना विचारायचं ते वेगळं, त्याकडं येतेच.

आधी तुमची कार्ड बघू, कारण तुम्ही अ‍ॅपवरचे अर्थ वाचलेत आणि अ‍ॅपवर एका ओळीत उरकतात.

पेंटॅकल्सचं चार. अ‍ॅपवर "कंजूषपणा" असं आलं असणार आणि तुम्हाला लागलं असणार. चित्र नीट बघा. एक माणूस बसलाय, एक नाणं डोक्यावर मुकुटावर, एक दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, दोन पायाखाली. तो उठू शकत नाही, उठला की काहीतरी पडणार. भरल्या घरातल्या माणसाला हे कार्ड आलं तर मी पण हात सैल करा म्हणते. पण ज्या घराची दीड एकर खरडून गेली तिथं हे कार्ड आलं की मला बियाण्याची थैली दिसते. आपल्याकडं सोयाबीनचं बियाणं घरचं राखून ठेवायची पद्धत आहे, ती थैली माळ्यावर असते, आणि कितीही अडलं तरी, पाहुणा आला तरी, ती कुणी फोडत नाही. तिला कुणी कंजूषपणा म्हणत नाही. तुमच्या घरात आज बियाण्याची थैली कोणती, हे ते कार्ड विचारतंय. रब्बीच्या पेरणीचे पैसे, सासूबाईंच्या गोळ्या, पोराची फी, हे त्या माणसाच्या छातीशी धरलेलं नाणं समजा आणि त्याला हात लावायचा नाही. बाकीच्या तीन नाण्यांबद्दल मग बोलता येतं.

आता सहा. ह्या कार्डावर मी जरा जास्त बोलणार कारण देण्याघेण्याचं खरं कार्ड हेच, आणि लोक ह्यात अर्धंच बघतात. एक सावकारासारखा चांगल्या कपड्यातला माणूस उभा आहे, पुढे दोन गरीब गुडघ्यावर बसलेत, तो एकाच्या हातात नाणी टाकतोय. एवढं सगळ्यांना दिसतं. त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे? तराजू. तो मोजून देतोय. मला हे कार्ड शिकायला लागल्यावर पहिली दोन वर्षं ह्या तराजूचा राग यायचा, म्हणजे दान काय तोलून करायचं असतं का. नंतर कळलं की अडचणीच्या काळात तराजू नसला तर देणारा महिन्याभरात त्याच गुडघ्यावर येतो. आपल्याकडं खळ्यावर बलुतं द्यायचे ते पण मापानंच द्यायचे की, पायलीनं, सुपानं. चांगल्या सालाला माप जास्त, वाईट सालाला कमी, पण खळ्यावरून कुणी मोकळ्या हातानं जायचं नाही आणि घरची कणगी पण रिकामी व्हायची नाही. तो हिशोब होता आणि माणुसकी पण होती, दोन्ही एकाच मापात.

उलटं आलं म्हणून तुम्ही घाबरलात. ही कार्ड १९०९ साली लंडनमध्ये छापली त्या डेकचे कर्ते आर्थर वेट, त्यांनी उलट्या सहाला हाव, मत्सर, भ्रम असे अर्थ दिलेत. आजकालचे रीडर एकतर्फी देणं, देण्यामागं अट, उपकाराचं ओझं असं वाचतात. काही रीडर तर उलटी कार्ड मानतच नाहीत, सरळ करून घेतात, त्यात काही चूक नाही. मी मानते, पण माझ्याकडं उलट्या सहाचा पहिला प्रश्न साधा असतो: कार्ड उलटं केल्यावर वर कोण आलं? गुडघ्यावर बसलेली माणसं. म्हणजे ह्या वेळी तुम्ही चित्रातल्या त्या उभ्या माणसाच्या जागी आहात हे गृहीत धरू नका. कदाचित ह्या साली तुमची जागा खालची आहे आणि तुम्ही ती मान्य करायला तयार नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण मला खरंच तसं वाटतंय, कारण तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये तुम्ही कुणाला काय द्यायचं एवढंच आहे, तुम्हाला कुणी काय दिलं किंवा देऊ करतंय, ह्याचा एक शब्द नाही.

इथं एक सांगावंसं वाटतं. ही चित्रं काढली ती बाई, पामेला कोलमन स्मिथ. अठ्ठ्याहत्तर चित्रं काढली आणि तेव्हाच पत्रात लिहिलं की मोठं काम केलं पण पैसे फार थोडे मिळाले. पुढं १९५१ साली वारली तेव्हा कर्जात होती, तिचं सामान विकून देणी भागवावी लागली. आज जगभर तिची कार्ड खपतात. सहाचं ते चित्र काढताना तिच्या मनात काय होतं मला कसं कळणार, पण पाचचं कार्ड बघा, बर्फात चाललेली दोन माणसं, एक कुबड्यांवर, आणि शेजारी उजेडानं भरलेली खिडकी. हे काढायला गरिबी लांबून बघून चालत नाही असं मला वाटतं. आणि पेंटॅकल्स म्हणजे मूळची नाणीच. इटलीत पंधराव्या शतकात हे पत्ते नुसते खेळायचे होते, भविष्य वगैरे फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी चिकटलं, आणि इटलीत ह्या रंगाला देनारी म्हणतात, आपल्या जुन्या दिनाराचं मूळ पण तेच. म्हणजे हा रंग पहिल्यापासून पैशाचा, रोकड्या व्यवहाराचा, ह्यात व्यवहार विचारायची लाज बाळगू नये.

तिसरं, द स्टार. हे कार्ड मला स्वतःला महाग पडलंय आणि त्यातून जे शिकले ते सांगते.

२०१६ चा एप्रिल. लातूरला नळाला पाणी येऊन महिने झालेले, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर. ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आमच्या गल्लीत टँकर कधी आठ दिवसांनी यायचा कधी दहा. मी त्या दिवशी सकाळी एक कार्ड काढलं आणि द स्टार आलं. चित्रात एक बाई तळ्याकाठी गुडघा टेकून दोन घागरींनी पाणी ओतते. दुष्काळात पाणी ओतणारी बाई, मला वाटलं ह्याहून स्पष्ट इशारा काय पाहिजे. दुपारी टँकर आला, माझी दोन टिपाडं भरली, आणि ज्यांचा नंबर हुकला होता त्यांना मी हंडे हंडे वाटत सुटले. संध्याकाळपर्यंत दीड टिपाड गेलं. मला फार चांगलं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, रोज ड्रेसिंग. चौथ्या दिवशी घरात प्यायचं तेवढं तांब्या-दोन तांबे राहिलं. आणि मी मागायला जाईना. मी पाणी वाटणारी बाई, मी कशी जाऊ. दिवसभर तशीच बसले, सासूबाईंना ओल्या फडक्यानं पुसलं. रात्री नवाला दार वाजलं. समोरच्या मावशी, डोक्यावरून हंडा उतरवून उंबऱ्यावर ठेवला, हंड्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं. मी म्हणलं मावशी नको, तुम्हालाच कमी पडंल. तर म्हणाल्या, "काहून लाजायलीस? परवा तू दिलीस तवा मी लाजले का?"

हंडा आत घेतला. त्या रात्री मी कार्ड परत काढून बघितलं. घागरी दोन आहेत. एक जमिनीवर ओतलीय, दुसरी परत तळ्यात. मी त्या दिवशी सकाळी फक्त जमिनीवरची बघितली होती. तळ्यात परत जाणारं पाणी म्हणजे ज्यातून उद्या भरायचं ते, स्वतःचं घर, स्वतःचं अंग, आणि लोकांचं आपल्याला येणारं. ते बंद केलं तर घागर एकदाच ओतता येते. आणि मेजर अर्कानात, म्हणजे टॅरोतल्या मोठ्या बावीस कार्डांत, स्टार सतरावं, त्याच्या आधीचं सोळावं टॉवर, म्हणजे मनोरा कोसळायचं. कोसळल्यावर जे कार्ड येतं ते हे. तुमच्यावर टॉवर सप्टेंबरमध्येच येऊन गेलाय ताई, त्यामुळं स्टार आलं ह्याचं मला बरं वाटलं, पण दोन्ही घागरी बघा.

ऑरॅकलचं थोडक्यात. टॅरोची रचना ठरलेली असते, अठ्ठ्याहत्तर कार्ड, बावीस मेजर, छप्पन मायनर. ऑरॅकलला तसलं काही नाही, ज्यानं बनवलं त्याच्या मनाला येईल तेवढी कार्ड आणि तसले शब्द, आणि बहुतेक डेक धीर देण्यासाठीच बनवलेले असतात त्यामुळं त्यात गोड शब्दच जास्त निघतात. "मोकळ्या हातानं वाट" हे कार्ड कर्जात असलेल्याला पण तेच सांगणार आणि बंगल्यातल्याला पण तेच. मी ऑरॅकल वापरते, पण सगळ्यात शेवटी, एकच, आणि ते काम कसं करायचं ते सांगण्यासाठी, काय करायचं त्यासाठी नाही. म्हणजे तुम्ही जे काही द्याल, मग ते पाचशे असो नाहीतर नुसता नकार, ते मोकळ्या मनानं द्या, कुरकुरत देऊ नका, एवढंच त्या कार्डातून घ्या.

आता तुम्ही परत कसं विचारायचं ते. मी ह्यासाठी एक मांडणी वापरते, ती कुठल्या पुस्तकातली नाही, माझी मीच बसवली, आणि तिला जोगव्याची पाच घरं म्हणते. तुळजापूर तुमच्याच जिल्ह्यात, तुम्हाला जोगवा मी काय सांगणार. पण मला त्यात एक गोष्ट कायम मोठी वाटत आली की चांगल्या खात्यापित्या घरातली बाई सुद्धा परडी घेऊन पाच घरी जाते आणि पीठ मागते. भवानी आईनं हे सगळ्यांवर टाकलंय, मागायचं. ज्याला मागता येतं त्यालाच कळतं की समोरचा मागताना त्याच्या पोटात काय होतं. म्हणून मांडणी पण तशीच.

पहिल्या घरात विचारायचं, माझ्या पदरात खरोखर माझं काय आहे. उसनं आणलेलं, उचल घेतलेली, अनुदान येणार आहे म्हणून धरलेलं, ते ह्यात नाही. पैसाच असतो असं पण नाही, वेळ, हातातली कला, ओळखी, ताक, शेवग्याचं झाड, सगळं मोजा. दुसऱ्या घरात, मी दिलं तर ते कुणाच्या ताटातून जाणार. तिसऱ्यात, मागणाऱ्याला खरं पाहिजे काय. चौथ्यात, मी कुठल्या रूपात देऊ शकते. पाचव्यात, मी कुणापुढं पदर पसरायचा.

ह्यातलं दुसरं घर फार बोलतं. एका दादांचं सांगते, ओळख पटणार नाही एवढंच सांगते. मार्केट यार्डात हमाली करायचे, मित्रमंडळीत दिलदार म्हणून नाव, कुणी हात पसरला की खिशात असंल ते द्यायचे. धंदा मंदावला तरी देणं चालूच. दुसऱ्या घरात त्यांना कप्सचं, म्हणजे पेल्यांच्या रंगाचं, सहा आलं. ते चित्र गोड आहे, अंगणात एक पोरगा लहान पोरीला फुलं भरलेला कप देतोय. मी म्हणलं दादा चांगलं कार्ड आहे, काय दिसतंय? ते बघत बसले. बराच वेळ. मग त्या चित्रातल्या पोरीवर बोट ठेवलं आणि म्हणले, "हिच्या सुकन्येचा हप्ता यंदा भरलाच नाही." त्यांच्या सगळ्या दिलदारीचे पैसे त्यांची सात वर्षांची पोरगी भरत होती आणि तिला ते माहीत पण नव्हतं. मी काही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती. नंतर कळलं की मित्रांना स्पष्ट सांगितलं, आता महिन्याला एवढंच. दोघं तुटले, बाकीचे राहिले.

तुमच्या बाबतीत तिसरं घर महत्त्वाचं. नणंदेला पंधरा हजार पाहिजेत हे तिचं मागणं. तिची गरज काय? मुलीचं कॉलेज सुटू नये ही. ह्या दोन्हीत फरक आहे, आणि तो फरक कार्ड काढायच्या आधी फोन करून पण कळेल. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून मुलींना बऱ्याच व्यावसायिक कोर्सना शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटातली मुलगी, आणि प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झालेला पाहिजे. एससी-एसटीच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेतच. फॉर्म महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. खेड्यातल्या कितीतरी आया हे न कळता उसनवारी करत फिरतात. तुम्ही मेसेज एवढा नीट टाइप करता, अ‍ॅप वापरता, म्हणजे नणंदेबरोबर एक दिवस सेतूत नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसणं तुम्हाला जमतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा, आधार बँकेला जोडलेलं आहे का, ही धावपळ तुम्ही करा. हॉस्टेल-मेसचा खर्च त्यात सगळा निघणार नाही हे खरं, तिथं मग तराजू काढा, नवऱ्याशी बोलून दोन हजार झेपत असतील तर दोन, आणि ते दिले म्हणूनच सांगा, उसने म्हणू नका. वाईट सालात उसने दिलेले पैसे परत येत नाहीत आणि नातं पण घेऊन जातात.

आणि काहीच झेपत नसेल तर तसं तोंडावर सांगा, "ताई, यंदा नाही जमणार, आमचं असं असं झालंय." आकडे सांगा. तिला तुमची अडचण खरी कळूद्या. आपण घरची परिस्थिती झाकतो, माहेरच्यांपासून झाकतो, नणंदेपासून झाकतो, मग ती मागते ते तुमच्या जुन्या परिस्थितीकडं बघून मागते, तिचा काय दोष.

येळवस. हिच्याबद्दल लिहिताना मला माझीच आजी आठवते. ती सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात तिनं मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, पिठाची आंबील केली होती, तांबडी, जरा कडूच लागायची म्हणे, भज्जीला पालेभाजी मिळाली नाही, आणि तरी कोपीपुढं, म्हणजे शेतातल्या कडब्याच्या खोपीपुढं, पूजा झाली, आंबील शेतात शिंपडली, आणि खडीच्या कामावरच्या बायकांना सोडायच्या वेळेला बोलावून एकेक वाटी दिली. वाटी लहान केली, माणसं कमी केली नाहीत. तुम्हाला हेच सांगेन, यंदा उंडे, खिचडा, गोडाचं, सगळं करायचा हट्ट सोडा. आंबील करा. ज्वारीचं पीठ आणि ताक, मोठं पातेलं भरून करायला फार लागत नाही. पण पाचवं घर इथंच आहे, त्या चाळीस माणसांना आधीच सांगा की यंदा येताना काहीतरी घेऊन या, कुणी हरभऱ्याचा पाला, कुणी मेथी, कुणी शेंगा, कुणी चार भाकरी. चाळीस वर्षं तुमच्या कोपीपुढं जेवलेली माणसं आहेत ती. त्यांना पण द्यायचं असणार, आतापर्यंत तुम्ही त्यांना तो मोकाच दिला नाही. मला खात्री आहे की सगळ्यात आधी कुणीतरी म्हणंल, वहिनी आम्ही कधीचं म्हणणार होतो पण तुम्हाला राग येईल वाटलं.

शेत खरडलेलं दिसंल सगळ्यांना, त्याची लाज धरू नका. नदी आली, तुम्ही काही विकून खाल्लं नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या, त्या सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. एक, ह्या कार्डांवरून कुणी तुम्हाला सांगितलं की उलटं सहा आलंय म्हणजे लक्ष्मी रुसलीय, अमुक पूजा करा, एवढे पैसे पाठवा, तर फोन ठेवून द्या. अडचणीतल्या माणसाकडून भीती दाखवून पैसे काढणं ही चोरी आहे, मग ती टॅरोच्या नावावर असो नाहीतर देवीच्या. जादूटोण्याच्या नावाखाली फसवणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे, तक्रार करता येते. मी स्वतः आपत्तीच्या साली शेतीवाल्यांकडून रीडिंगचे पैसे घेत नाही, आणि तुम्ही पण ह्या उत्तराबद्दल काही पाठवू नका.

दुसरं, एकाच प्रश्नाला रोज रोज कार्ड काढू नका. मनासारखं येईपर्यंत शफल करत राहिलं की कार्ड गप्प बसतात, म्हणजे खरं तर आपणच ऐकायचं बंद करतो.

तिसरं जरा जपून लिहिते. मेसेजच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की मालक रात्री झोपत नाहीत, बांधावर जाऊन बसतात, बोलत नाहीत. ताई, हे कार्डांवर सोडू नका. आपल्या भागात ह्या गप्प बसण्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो. त्यांनी नाही लावला तर तुम्ही लावा आणि कसं बोलायचं ते विचारा. फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेवा. आणि पाचव्या घराची वाट न बघता आजच्या आज दीराला नाहीतर तुमच्या भावाला सांगा की दोन दिवस येऊन राहा, नुसतं बरोबर बसा. हे मागणं सगळ्यात अवघड वाटंल आणि सगळ्यात आधी हेच मागा.

मांडणी मग शुक्रवारी करा. सकाळची कामं उरकल्यावर, घरात जरा शांत असताना, खाली सतरंजी नाहीतर धुतलेलं टॉवेल काहीही चालेल. आधी वही, काय येणं आहे, काय देणं आहे, पेरणीला किती, दवाखान्याला किती. बियाण्याच्या थैलीभोवती गोल करा. मग डेक पिसा, पाच कार्ड एका ओळीत पालथी मांडा आणि एकेक घर वाचत एकेक उलटा. अ‍ॅप उघडू नका. चित्रात कुणाच्या हातात काय आहे, कोण कुणाकडं बघतंय, कुणाचं लक्ष नाही, एवढं तुमच्या शब्दांत लिहा, दोन ओळी पुरेत. पाचव्या कार्डापाशी जास्त वेळ बसा, जे नाव मनात आधी येईल ते लिहा, खोडू नका. कार्ड गोळा करून ठेवून द्या आणि येळवस होईपर्यंत परत काढू नका.

आणि पाचव्या घरात कोण आलं ते मला कळवा, मालकांचं काय झालं ते त्याच्या आधी कळवा.